रस्ता मोकळा करणारा सैनिक

माझे आजोबा, ज्यांना आम्ही सारी भावंडे 'आबा' म्हणत असू, ते माजी सैनिक होते. १९६३ साली भरती होऊन १९८१ साली हवालदार म्हणून ते घरी परतले. १९७१च्या युद्धाच्या वेळी ते पश्चिम सरहद्दीवर होते. एवढी माहिती घरात सर्वांना होती. पण लढाईत तुम्ही काय केलेत, असे कोणी विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असे : "आमी रस्तं केलं. लढाई बाकीच्यांनी केली."

लहानपणी आम्हां मुलांना या उत्तराने फार निराशा वाटे. सिनेमातला सैनिक बंदूक घेऊन धावतो, शत्रूच्या खंदकात उडी घेतो. आणि आमचे आबा मात्र रस्ते करीत होते! सार्वजनिक बांधकाम खात्यातला मजूरही रस्तेच करतो, मग त्यासाठी सैन्यात कशाला जायचे, असे मी एकदा त्यांना विचारल्याचे मला आठवते. ते नुसते हसले. मी पुढे काही विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही.

गेल्या वर्षी आबा वारले. दिवसकार्य झाल्यावर त्यांची लोखंडी पेटी उघडली. पेन्शनचे कागद, डिस्चार्ज बुक, आजीने पाठवलेल्या आंतर्देशीय पत्रांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा, आणि तळाशी पुठ्ठ्यावर चिकटवलेले वर्तमानपत्रातले एक कात्रण. कात्रणात सैनिकी गणवेशातील एका गृहस्थाचे छायाचित्र होते. खाली आबांच्या अक्षरात एकच शब्द : 'राणेसाहेब'. हे राणेसाहेब कोण, हे शोधू लागले तेव्हा 'आमी रस्तं केलं' या वाक्याचा अर्थ मला प्रथमच कळला. तो अर्थ आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सॅपर म्हणजे कोण?

सैन्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायदळ, तोफखाना आणि रणगाडे येतात. परंतु या तिघांच्याही पुढे जाणारा आणखी एक सैनिक असतो, तो म्हणजे सॅपर. पूर्वी किल्ल्याला वेढा घातल्यावर तटाच्या दिशेने चर खणत जावे लागे. अशा चराला 'सॅप' म्हणत, आणि तो खणणारा तो सॅपर. काळ बदलला, किल्ले गेले, तरी नाव टिकले. आज सैन्याच्या अभियंता दलातील जवानाला सॅपर म्हणतात. नदीवर पूल टाकणे, रस्ता तयार करणे, शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे आणि माघार घेताना आपलेच पूल उडवून देणे, ही त्याची कामे. या दलाचे ब्रीद आहे 'सर्वत्र'. सैन्य जेथे जाईल तेथे तो असतोच, असा त्याचा अर्थ.

आपल्या महाराष्ट्राचा या दलाशी जुना संबंध आहे. बॉम्बे सॅपर्स या नावाने ओळखला जाणारा गट १८२० साली उभा राहिला, आणि त्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे. मराठी मुलखातील कितीतरी शेतकऱ्यांची मुले येथे रिक्रूट म्हणून आली आणि सॅपर होऊन बाहेर पडली. आबाही त्यांतलेच एक.

आता सुरुंगाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढची हकिगत समजणार नाही. जमिनीत पेरायचे सुरुंग मुख्यतः दोन प्रकारचे असतात. रणगाडाविरोधी सुरुंग मोठा असतो. माणसाच्या वजनाने तो सहसा उडत नाही, रणगाड्याच्या किंवा मोटारीच्या भाराने उडतो. मनुष्यविरोधी सुरुंग लहान असतो, आणि पायाच्या दाबाने किंवा तारेला पाय अडखळताच तो फुटतो. मोठा सुरुंग काढायला येणाऱ्या सॅपरचा जीव जावा म्हणून त्याच्या आसपास लहान सुरुंग पेरून ठेवण्याची रीत आहे. म्हणजे रणगाडा अडवायचाच, शिवाय रणगाड्याला वाट करून देणाऱ्यालाही मारायचे, असा हा दुहेरी सापळा.

सुरुंग शोधण्याची यंत्रे दुसऱ्या महायुद्धापासून वापरात आहेत. तरीही शेवटी काम हातावरच येते. सॅपर जमिनीवर पालथा पडतो आणि संगीन किंवा सळई तिरकी धरून माती हलकेच टोचत जातो. तिरकी अशासाठी, की वरून सरळ टोचली तर सुरुंगाच्या माथ्यावरच दाब पडायचा. टोकाला काही कठीण लागले की तेथे थांबायचे. मग बोटांनी माती बाजूला सारायची, कडेने चाचपायचे, आणि खाली दुसरी कळ लावलेली नाही ना याची खात्री करायची. त्यानंतर सुरुंग निकामी करून तो उचलायचा. एक झाला की दुसरा. मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत लावीत जायचे. मागून येणाऱ्याने त्या फितींच्या आतूनच चालायचे असते. हे काम करणाऱ्याच्या हातात त्या वेळी बंदूक नसते. शत्रू त्याच्यावर गोळ्या झाडीत असला तरी त्याला उलट गोळी झाडता येत नाही, आणि घाईही करता येत नाही.

ज्यांच्या चित्राखाली आबांनी 'राणेसाहेब' असे लिहून ठेवले होते, ते याच कामातले मोठे मानकरी. त्यांचे नाव रामा राघोबा राणे.

कारवारकडचा मुलगा

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८चा. त्यांचे घराणे कारवारजवळच्या चेंडिये गावचे. कारवारचा तो मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. वडील पोलीस खात्यात शिपाई होते. त्यांच्या बदल्या होत, तशा मुलाच्या शाळाही बदलत. १९३० साली देशभर सत्याग्रहाची लाट उसळली तेव्हा बारा वर्षांच्या रामाचे मन तिकडे ओढ घेऊ लागले, आणि पोलिसात असलेल्या वडिलांनी काळजीपोटी कुटुंब परत गावी हलवले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

१९४० साली, दुसरे महायुद्ध सुरू असताना, राणे खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले. प्रशिक्षणात ते उत्कृष्ट रिक्रूट ठरले. पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध त्यांनी काम केले. आराकानातून सैन्य मागे हटत असता शत्रूच्या उपयोगी पडतील अशा वस्तू नष्ट करण्यासाठी मागे ठेवलेल्या तुकडीत ते होते. त्या कामगिरीनंतर ते हवालदार झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. राणे हे अधिकारी म्हणून सैन्यात आलेले नव्हते. फावडे आणि सळई हातात घेऊन, एकेक पायरी चढत, स्वातंत्र्यानंतर डिसेंबर १९४७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले. ज्या जवानांना ते पुढे हुकूम देणार होते त्यांचे काम त्यांनी स्वतःच्या हातांनी सात वर्षे केलेले होते.

चार दिवसांची वाट

१९४७च्या ऑक्टोबरात जम्मू-काश्मीरवर टोळीवाल्यांचे आक्रमण झाले. नोव्हेंबरात राजौरी हे गाव हल्लेखोरांच्या हाती पडले आणि तेथील नागरिकांची भीषण कत्तल झाली. हिवाळा संपेपर्यंत गाव त्यांच्याच ताब्यात राहिले. मार्च १९४८ मध्ये भारतीय सैन्याने झांगर परत घेतले, आणि त्यानंतर नौशेराहून उत्तरेला राजौरीकडे कूच करण्याचे ठरले. चौथी डोगरा पलटण आणि तिच्या जोडीला रणगाडे, अशी ही चाल होती.

नौशेरा ते राजौरी ही जुनी बादशाही वाट. मोगल बादशहा काश्मीरला याच वाटेने जात, आणि वाटेवरच्या चिंगस येथे मोगलांची सराई अजूनही उभी आहे. डोंगराला वळसे घेत, नदीच्या कडेने जाणाऱ्या या रस्त्यावर हल्लेखोरांनी जागोजाग सुरुंग पेरले होते, चिडाची झाडे पाडून आडवी टाकली होती, मोऱ्या उडवून दिल्या होत्या आणि कडा ढासळवून रस्ता तोडला होता. रणगाडा कितीही बलाढ्य असला तरी एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना पुढे झाड आडवे पडले की तो थांबतोच. थांबलेला रणगाडा म्हणजे शत्रूच्या तोफेपुढचे आयते लक्ष्य. तेव्हा हा रस्ता मोकळा करणे हेच खरे युद्ध होते. सदतिसाव्या असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीसह ते काम सेकंड लेफ्टनंट राणे यांच्याकडे आले. त्यांचे वय तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते.

८ एप्रिल १९४८. काम सुरू होण्यापूर्वीच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. राणे यांचे दोन साथी जागीच ठार झाले आणि पाच जखमी झाले; त्या पाचांत ते स्वतःही होते. त्यांनी तुकडी पुन्हा जुळवली आणि काम हाती घेतले. दिवसभर रणगाड्यांच्या अवतीभवती तोफगोळे पडत होते. संध्याकाळपर्यंत डोगरा पलटणीने बरवालीची डोंगरकड जिंकली. शत्रू पुरता हटलेला नव्हता. तरी राणे आपल्या माणसांना घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढू लागले. मशीनगनच्या माऱ्यात हे काम रात्री दहापर्यंत चालले.

९ एप्रिलला पहाटे सहा वाजता पुन्हा सुरुवात झाली. दुपारी तीन वाजता वळणरस्ता तयार झाला. रणगाडे निघाले तेव्हा राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्धा मैल गेल्यावर चिडाची झाडे आडवी. उतरून त्यांनी ती सुरुंगाने उडवली. पुढे तीनशे यार्डांवर तोच प्रकार. पुढे एक मोरी उडवलेली, आणि काम सुरू करण्यापूर्वीच मशीनगनचा मारा सुरू. त्यांनी बाजूने वाट काढली आणि गाड्या पुढे नेल्या. सव्वासहा वाजले, अंधारू लागले, आणि समोर पाच मोठी झाडे, भोवती सुरुंग आणि वरून गोळ्यांचा वर्षाव. राणे त्या अंधारातही सुरुंग काढायला बसले होते. पण रणगाड्यांच्या प्रमुखाने रात्रीपुरता काफिला मागे सुरक्षित जागी नेला.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाच वाजता ते पुन्हा त्याच झाडांपाशी होते. साडेसहापर्यंत तो अडथळा दूर झाला. त्यापुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची आणि ढासळलेल्या कडांची नुसती रांग होती. जखमी असतानाही साडेदहापर्यंत त्यांनी तीही मोकळी केली. त्यानंतर रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून पुढे गेले आणि दुपारी दोन वाजता चिंगसला पोचले.

येथे खरे तर राणे यांचे काम झाले होते, असे कोणी म्हटले असते तर ते चुकीचे ठरले नसते. रणगाडे तर पुढे गेले! परंतु रणगाड्यांच्या मागून दारूगोळा, शिधा आणि रुग्णवाहिका यायच्या होत्या. त्यांना नदीच्या पात्रातून जाता येत नाही. म्हणून राणे मागेच राहिले आणि विश्रांती किंवा अन्न न घेता रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करीत राहिले. ११ एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा आरंभ. अकरा वाजेपर्यंत चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या रात्री दहापर्यंत पुढच्या रस्त्यावरही काम चालू होते. १२ एप्रिलला भारतीय सैन्य राजौरीत शिरले.

राणे यांच्याविषयी आणखी एक हकिगत सांगितली जाते. एके ठिकाणी गोळ्यांच्या माऱ्यामुळे पुढे सरकणे अशक्य झाले, तेव्हा ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्या आडोशाने रांगत पुढे गेले. चालकाला थांब किंवा चल हे कळावे म्हणून त्यांनी दोरीने खुणा ठरवल्या होत्या. वर कित्येक टनांचे लोखंड, दोन्ही अंगांना फिरणारे पट्टे, आणि खाली सुरुंग पेरलेली जमीन! दोरी ओढण्यात किंवा ओळखण्यात एक चूक झाली असती तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

पदकाचा अर्थ

परमवीरचक्र हे पदक २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना ते लागू करण्यात आले. त्याची आकृती काढणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर या जन्माने युरोपीय, आणि विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी. भारतीय पुराणांचा त्यांचा अभ्यास गाढ होता. पदकावर मधोमध राजमुद्रा आणि तिच्या भोवती इंद्राचे चार वज्र आहेत. वज्र म्हटले की आपल्याला दधीची ऋषी आठवतात, कारण त्यांनी लोकरक्षणासाठी आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांतून वज्र घडले.

१९४७-४८च्या युद्धासाठी पाच जणांना हे पदक मिळाले. तिघांना ते मरणोत्तर मिळाले. राणे आणि लान्सनायक करमसिंग हे दोघेच ते घ्यायला हयात होते. आजवर एकवीस जणांना परमवीरचक्र मिळाले आहे, त्यांपैकी चौदा मरणोत्तर. या यादीकडे पाहिले तर राणे यांचे वेगळेपण सहज ध्यानात येते. बहुतेकांच्या शौर्याची हकिगत मोर्चा जिंकल्याची किंवा राखल्याची आहे. राणे यांच्या हकिगतीत त्यांनी किती शत्रू मारले याचा आकडाच नाही. तीत आहेत ती झाडे, मोऱ्या, सुरुंग, यार्ड आणि घड्याळाचे काटे.

असा पराक्रम या दलाला नवा नव्हता. याच बॉम्बे सॅपर्समधील सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांना १९४१ साली ॲबिसिनियाच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सलग शहाण्णव तास काम करून त्यांनी पंचावन्न मैलांच्या वाटेवरची पंधरा सुरुंगक्षेत्रे साफ केली होती. दोन वेगळी युद्धे, दोन वेगळे देश, आणि दोन सर्वोच्च पदके. दोन्ही मिळाली ती मागच्यांना वाट करून दिल्याबद्दल. आबांचे वाक्य मला पुन्हा आठवले : 'आमी रस्तं केलं.' ते वाक्य विनयाने उच्चारलेले असले तरी त्यात केवढा अभिमान होता, हे मला तेव्हा कळले नाही.

उरलेली सेहेचाळीस वर्षे

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे वळते. राणे यांच्याविषयी जे जे छापलेले आढळते त्यात या चार दिवसांचे वर्णन तासातासाने मिळते. पावणेपाच, साडेसहा, साडेदहा, दोन, नऊ! परंतु त्या चार दिवसांनंतर राणे सेहेचाळीस वर्षे जगले. १९५५ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी विवाह केला. ते संसारी झाले, मुलाबाळांचे वडील झाले, आणि मेजर या हुद्द्यापर्यंत पोचून सैन्यातून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. छापील इतिहासात या सेहेचाळीस वर्षांना चार-पाच ओळी मिळतात.

राष्ट्राने त्यांचे स्मरण ठेवले नाही असे नाही. १९८४ साली एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले. ते जहाज आपली सेवा पूर्ण करून केव्हाच निवृत्त झाले. २००६ साली कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा उभारण्यात आला. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना एकवीस परमवीरांची नावे दिली गेली. त्यांत एक बेट राणे यांच्या नावाचे आहे. जहाज, पुतळा, बेट ही सारी स्मारके योग्यच आहेत. पण ती सर्व एप्रिल १९४८ मधल्या त्या चार दिवसांची आहेत. उरलेल्या सेहेचाळीस वर्षांचे स्मारक कोणते? ते फक्त घरच्या माणसांच्या आठवणीत असते. राणे यांच्या घरच्या आठवणी मी सांगू शकत नाही. तो अधिकार त्यांच्या घरच्यांचा. मी आबांच्या सांगू शकते.

आमच्या आजीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा उजवा हात कायमचा गेला. त्या दिवसापासून ती जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, तिची वेणी आबांनी घातली. घरात सुना होत्या, नाती होत्या. पण हे काम त्यांनी कोणाला करू दिले नाही. सकाळी चहा झाला की आजीला ओसरीवर बसवायचे, खोबरेल तेल लावायचे, एकेक गुंता बोटांनी सोडवायचा, आणि मगच फणी हातात घ्यायची. तिच्या डोक्याला हिसका बसला असे कधी झाले नाही. गल्लीतली माणसे हसत. एकदा कोणीतरी तोंडावर म्हणाले, "हवालदार, हे काय बायकी काम घेऊन बसलासा?" आबा मान वर न करता म्हणाले, "हे बोटांचं काम हाय. घाई करून चालत न्हाई."

सुरुंग कसा काढतात हे वाचेपर्यंत मला या उत्तरात विशेष काही वाटले नव्हते. आता वाटते. ज्या बोटांना एके काळी मातीतली कळ हुडकण्याची सवय लागली होती, तीच बोटे ओसरीवर बसून आजीचे केस विंचरीत होती. सैनिकाचे धैर्य आणि गृहस्थाची माया या दोन निराळ्या गोष्टी आहेत असे आपण समजतो. आबांच्या बाबतीत तरी ती एकच गोष्ट होती. समोरचे काम पुरे होईपर्यंत जागचे हलायचे नाही, कंटाळायचे नाही, आणि मागून येणाऱ्याला इजा होऊ द्यायची नाही.

दुसरी एक आठवण. पावसाळ्यात शेताकडे जाताना गवत कमरेइतके वाढलेले असे. आबा नेहमी पुढे चालत आणि आम्हां मुलांना बजावीत, "माझ्या पावलावर पाऊल टाकून या. इकडंतिकडं जायाचं न्हाई." आम्हाला ती सापाची भीती वाटे. आम्ही खोडी म्हणून मुद्दाम बाजूच्या गवतात पाय टाकीत असू. तेव्हा एरवी कधी न रागावणारे आबा एकदम गरजत. आज कळते की पांढऱ्या फितींच्या आतून चालायची ती सवय होती. युद्ध संपून चाळीस-पंचेचाळीस वर्षे झाली तरी त्यांच्या मनातली ती वाट पुरती मोकळी झाली नव्हती. आणि तरीही त्या भीतीविषयी त्यांनी घरात अवाक्षर काढले नाही. कदाचित कोणी नीट विचारले असते तर ते बोलले असते. निदान मी तरी विचारले नाही, ही खंत आता कायमची आहे.

आपण काय करू शकतो?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींच्या घरांत, आळीत, गावात असे कितीतरी माजी सैनिक असतील. १९६५ आणि १९७१ पाहिलेली पिढी आता थकली आहे. दरवर्षी ७ डिसेंबरला आपण ध्वजदिनाचा निधी देतो आणि छातीला छोटा ध्वज लावतो. ते केलेच पाहिजे. पण त्याच दिवशी एखाद्या माजी सैनिकाच्या घरी जाऊन तासभर बसले तर?

काय विचारावे, हे मी माझ्या चुकीवरून शिकले. 'किती शत्रू मारले?' हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर बहुतेकांना द्यायचे नसते. त्यापेक्षा तुमचे काम काय होते, ते कसे करीत, हत्यारे कोणती होती, जेवण काय मिळे, पत्र किती दिवसांनी येई, रजा मिळाली की घरी पोचायला किती दिवस लागत, असे विचारावे. हाताने केलेल्या कामाविषयी बोलताना माणसे मोकळी होतात. आणि त्यांच्या पत्नीलाही विचारावे. नवरा सरहद्दीवर असता ज्या बाईने शेत, सासूसासरे आणि मुले सांभाळली, तिच्याकडे त्याच युद्धाची दुसरी बाजू असते. आबांच्या पेटीतला पत्रांचा गठ्ठा मी आईच्या परवानगीने वाचला. आजीच्या एका पत्रात पाऊस, म्हशीचे दूध आणि थोरल्याचा ताप यांच्या हकिगती आहेत, आणि शेवटी लिहिले आहे की इकडची काळजी करू नये. त्या पत्राची तारीख डिसेंबर १९७१ची आहे. आजीला स्वतःला लिहिता येत नव्हते. पत्र शाळेतल्या गुरुजींनी लिहून दिले होते. खाली तिचा अंगठा आहे.

ही माहिती वहीत उतरवून घ्यावी, तारखा डिस्चार्ज बुकाशी पडताळून पाहाव्यात, जुनी पत्रे आणि छायाचित्रे नीट जपावीत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा उत्तम प्रकल्प होऊ शकेल, आणि आमच्या प्राध्यापकवर्गाने त्याला मार्गदर्शन करावे अशी माझी नम्र विनंती आहे. परमवीर एकवीसच झाले. त्यांचा इतिहास लिहिला गेला आहे आणि जाईल. पण ज्यांच्या नावे ना जहाज आहे ना बेट, अशांचा इतिहास आपण लिहिला नाही तर तो पेट्यांच्या तळाशीच राहील.

आबांची पेटी आता माझ्याकडे आहे. राणेसाहेबांचे कात्रण मी काचेच्या चौकटीत बसवून घेतले आणि शेजारी आबा-आजींचे एकत्र छायाचित्र लावले. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे गणवेशातले गृहस्थ तुमचे कोण? मी त्यांना बसवून घेते, आणि नौशेरापासून सुरुवात करते.